भेज छे

कमरेच्या थोडं वर, भिंतीवर सरळ तपकिरी रेघ. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचं पाणी इथवर चढलं होतं. पावागढच्या डोंगरातून येणारी ही नदी बडोद्याच्या मधोमध वाहते. त्या पुरात तिच्यातल्या मगरीही गल्ल्यांत शिरल्या. वनखात्याने तीन दिवसांत 24 मगरी वस्तीतून उचलल्या. बातम्या तिथे संपल्या.

सयाजीगंजातलं हे जुनं घर चुन्यात बांधलेलं. काकू म्हणतात, "पाणी ओसरलं तेव्हा वाटलं, सुटलो बाई. मग वास यायला लागला."

आधी गाळ. ओला आहे तोवरच पाट्या भरून बाहेर टाकायचा, वाळला की छिन्नी लागते. वायरिंग तपासून होईपर्यंत मेन स्विच बंद. प्लायवूडचं कपाट फुगून पदर सुटला होता, ते गेलंच. सागवानी देव्हारा वाचला. पण त्याला उन्हात न्यायचं नाही, लाकूड तडकतं. सावलीत, खाली विटा देऊन, दारं उघडी ठेवून.

अल्बमला मात्र एवढा धीर नसतो. दोन दिवसांत बुरशी धरते. एकमेकांना चिकटलेले फोटो सोडवायला तेव्हा सवड कुणाला? काकूंनी अल्बम पिशवीत घालून वरच्या मजल्यावरच्या शेजारणीच्या फ्रीझरमध्ये ठेवला. आजेसासूबाईंचं लग्न महिनाभर मटारांच्या शेजारी पडून होतं.

सगळ्यांत हट्टी भिंती. वीट वातीसारखी पाणी वर ओढते. ओल रेघेच्याही हातभर वर गेली होती. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि पांढरा लोणा फुटतो. त्यात दिवाळी दोन महिन्यांवर. घरोघरी रंगाची घाई, कुठे तर थेट सिमेंटचा गिलावा. चुन्याच्या ओल्या भिंतीला सिमेंट लावणं म्हणजे भिजल्या अंगावर रेनकोट चढवणं. ओल आतच कोंडते, वरचे पोपडे सुटत राहतात.

इथे मिस्त्रींनी खालचा गिलावा खरडून वीट उघडी केली. पंखे लावले, खिडक्या उघड्या ठेवल्या. काही आठवड्यांनी, ओल उरली का ते बघायला, भिंतीवर हातभर प्लास्टिक लावलं, चारही कडांना टेप. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचे कप घेऊन सगळे त्या तुकड्यासमोर उभे. टेप सुटली. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला बारीक थेंब. मिस्त्रींनी त्यावरून बोट फिरवलं.

"भेज छे, बेन." ओल आहे, ताई.

दिवाळीच्या पणत्या उघड्या विटांपुढेच लागल्या. थंडीत एका सकाळी प्लास्टिक कोरडं निघालं, आणि मिस्त्रींनी अंगणात चुना भिजत घातला.