उसाचा रस, ब्युरेट आणि शेवटचा थेंब

दिवाळी सरली की कोल्हापूरच्या आसपास गुऱ्हाळं पेटतात. काहिलीत रस तापतो, भेंडीच्या रसानं मळी वर येते, आणि गुळव्या अंदाजानं चुना टाकतो. उसाचा ताजा रस आम्लधर्मी असतो, सामू (pH) साधारण ५ ते ५.५. आम्लात साखर तापली की फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, मग गूळ घट्ट बसत नाही. चुना ते आम्ल मारतो.

हे आम्ल असतं तरी किती? बारावीच्या मुलांनी रसाची बाटली थेट प्रयोगशाळेत आणली आहे.

नरसाळ्यात गाळणकागद, खाली चंचुपात्र. चंचुपात्रावरच्या खुणा अंदाजापुरत्या असतात, मापासाठी पिपेट, म्हणजे द्रव ओढून घ्यायची मापाची नळीच हवी. तिला रबरी फुगा लावायचा, तोंडानं ओढायचं नाही. १० मिली रस शंकुपात्रात घ्यायचा आणि पाणी घालून रंग फिका करायचा, नाहीतर पुढची गुलाबी छटा दिसणारच नाही. मग फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब; आम्ल संपलं की हा दर्शक गुलाबी होतो. शंकुपात्राचं बूड रुंद, मान अरुंद. गोल फिरवलं तरी सांडत नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल एर्लेनमायर यांचं नाव त्याला आजही चिकटलेलं आहे.

आता ब्युरेट, म्हणजे खाली तोटी असलेली खुणांची उभी नळी. तिच्यात सोडियम हायड्रॉक्साइडचं विरल द्रावण भरायचं. तेही चुन्यासारखं आम्ल मारतं, म्हणून ते जितकं लागेल त्यावरून आम्ल किती ते कळतं. पण आधी त्याच द्रावणानं ब्युरेट विसळायची. आत पाणी राहिलं तर द्रावण आणखी पातळ होतं. शंकुपात्र मात्र पाण्यानंच धुवायचं.

आणि डोळा! वहीत आकृती सुबक काढणारी मुलंही इथं घाई करतात. नळीत द्रावणाचा पृष्ठभाग मध्ये खोलगट असतो. त्याचा तळ, डोळा समपातळीला आणून वाचायचा. वरून वाकून पाहिलं तर मोजपात्रात आकडा जास्त येतो आणि ब्युरेटमध्ये कमी, कारण तिच्या खुणा वरून खाली वाढत जातात. एकेक खूण ०.१ मिलीची. सगळा प्रयोग एवढ्याशा अंतरावर उभा असतो.

डावा हात तोटीवर, उजव्या हातानं शंकुपात्र फिरतं. गुलाबी रंग येतो आणि विरतो. शेवटी एका थेंबानं फिकट गुलाबी छटा येते आणि अर्धा मिनिट टिकते. इथं तोटी बंद. गडद गुलाबी झालं, तर थेंब जास्त पडले.

लागोपाठ दोन वाचनं जुळेपर्यंत हेच पुन्हा करायचं. त्यानंतर दुसरी बाटली. तिच्यात त्याच काहिलीतला, चुना टाकल्यानंतरचा रस आहे. त्याला द्रावण किती कमी लागतं, ते पाहू.