फी नसलेली शाळा

[दृश्य : मॅनहॅटन, पूर्व ८४वा रस्ता. सकाळची वेळ. पाठीला दप्तरं अडकवून मुलं एका दगडी इमारतीत शिरत आहेत.]

न्यूयॉर्कच्या अप्पर ईस्ट साइडला घराचं भाडं नुसतं विचारायचीही छाती होत नाही. तिथेच, पार्क आणि मॅडिसन या दोन ॲव्हेन्यूंच्या मधे, १९१४ पासून एक शाळा भरते. रेजिस हायस्कूल. फक्त मुलांची, कॅथलिक, येशूसंघाच्या म्हणजे जेझुइट धर्मगुरूंची. इथे फी नाही. सवलत, हप्ते, अर्धी माफी असलं काही नाही, फीच नाही.

तसं पाहिलं तर जेझुइटांना हे नवं नव्हतं. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी संघ स्थापन केला, तेव्हा शिकवण्याचे पैसे घ्यायचे नाहीत असा नियमच होता. शाळेचा खर्च राजाने, सरदाराने, नाहीतर नगराने उचलायचा. युरोपात ते निभावलं. अमेरिकेत ना राजा, ना सरदार. मग शाळा चालवायची कशावर? अखेर १८३३ मध्ये पोपकडून सूट मिळाली आणि तिथले जेझुइट फी घेऊ लागले.

फी आली की गरिबाचं पोर बाहेर राहणार, हे ओघानेच आलं. आणि न्यूयॉर्कच्या कॅथलिकांत गरीबच फार. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक कुजलं, दुष्काळ पडला, आणि जहाजं भरभरून माणसं इथे उतरली. गोदीत, बांधकामावर राबू लागली. पोरांना सरकारी शाळेत घालावं, तर तिथे वाचलं जाई ते प्रॉटेस्टंटांचं बायबल. हा वाद साधा नव्हता. फिलाडेल्फियात १८४४ मध्ये त्यावरून दंगली पेटल्या, चर्च जाळली गेली. पुढे १८८४ मध्ये बिशप मंडळी बाल्टिमोरला जमली आणि त्यांनी ठरवून टाकलं : प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एकेका चर्चच्या वस्तीने, आपली शाळा काढायची. शाळा निघाल्या, पण बहुतेक प्राथमिक. हायस्कूलपाशी येऊन गाडं अडायचं.

[दृश्य : ह्यू ग्रँट यांचं जुनं छायाचित्र.]

हे ह्यू ग्रँट. आयरिश वंशाचे, कॅथलिक. टॅमनी हॉल या पुरेशा बदनाम राजकीय यंत्रणेच्या पाठिंब्यावर तिशीतच न्यूयॉर्कचे महापौर झाले. इतका तरुण महापौर शहराने पाहिला नव्हता. १९१० मध्ये ते वारले. पत्नी ज्युलिया यांनी घराण्याच्या संपत्तीतला मोठा वाटा शाळेसाठी दिला. कॅथलिक मुलांना फुकट शिकवा, ज्यांना परवडत नाही त्यांना आधी घ्या, आणि माझं नाव कुठे येऊ देऊ नका, असं त्यांचं म्हणणं. शाळेत त्यांचा उल्लेख व्हायचा तो नुसता ‘संस्थापिका’ म्हणून. देणगीदाराच्या नावाची पाटी बहुधा इमारतीआधी तयार होते. इथे ती लागलीच नाही.

फुकट म्हणजे सोपं नव्हे. आठवीतल्या मुलांची परीक्षा, मग मुलाखत, आणि आत आल्यावर अभ्यासाचा रगाडा. अँथनी फाउची ब्रुकलिनहून भुयारी रेल्वेने यायचे. एका बाजूचा प्रवासच तासाभराहून अधिक. वडिलांचं औषधांचं दुकान, तिथली औषधं हा मुलगा सायकलवरून घरोघरी पोचवायचा. शाळेत लॅटिन आणि ग्रीक. उंची पाच फूट सात इंच, तरी बास्केटबॉल संघाचा कप्तान! संघ मात्र हरण्यात पटाईत. सोळा सामने गमावून, एकच जिंकून बसलेला हा संघ एके दिवशी फोर्डहॅम प्रेप या शाळेच्या बलाढ्य संघासमोर उभा राहिला आणि जिंकला. फाउची १९५८ मध्ये शाळेतून बाहेर पडले. कोविडच्या काळात अमेरिकेला रोज दूरचित्रवाणीवर दिसणारे डॉक्टर ते हेच.

नाटकात मुलींच्या भूमिका कोण करणार, हा मुलांच्या शाळेतला नेहमीचा घोळ. रेजिस शेजारच्या मुलींच्या शाळेतून नट्या आणते. त्यांतलीच एक पुढे प्रसिद्ध गायिका लेडी गागा झाली.

पण फी माफ झाली म्हणजे सगळं झालं, असं मानायचं कारण नाही. पीट हॅमिल हा बेलफास्टहून आलेल्या आईबापांचा मुलगा. रेजिसमध्ये प्रवेश मिळवला, पण पंधराव्या वर्षी शाळा सोडून ब्रुकलिनच्या नौदल गोदीत पत्राकाम शिकायला लागला. पुढे मोठा पत्रकार झाला, शहरातल्या दोन दैनिकांचा संपादक झाला. शाळेने त्याला मानद पदविका दिली ती २०१० मध्ये, तब्बल ५९ वर्षांनी. उशीर झाला म्हणावं, तर शाळेने निदान त्याला विसरलं तरी नाही.

[दृश्य : वर्ग. फळ्यावर लॅटिन वाक्य. शिकवणारे शिक्षक साध्या शर्टात, झगा नाही.]

खर्च वाढत गेला, ग्रँट घराण्याची पुंजी पुरेनाशी झाली. तेव्हा भार उचलला माजी विद्यार्थ्यांनी. स्वतः फी न भरलेली माणसं आता पुढच्यांचा खर्च भरतात. शिकवणाऱ्यांत धर्मगुरू थोडे उरले आहेत, बाकी सगळे संसारी शिक्षक. एक अट मात्र तशीच आहे : मुलगा बाप्तिस्मा झालेला कॅथलिक हवा. बहुधर्मी शहरात ती डोळ्यांत भरते. संस्थापिकेच्या मनातली शाळा तशीच होती, हेही खरं.

एक मेख राहिलीच होती. प्रवेश परीक्षेत बाजी मारणारी मुलं बरेचदा आधीपासून चांगल्या शाळेत शिकलेली असतात. त्यावर उपाय म्हणून २००२ मध्ये ‘रीच’ हा उपक्रम सुरू झाला. कमी उत्पन्नाच्या घरांतली, हायस्कूलच्या आधीच्या वर्गांतली मुलं उन्हाळ्यात आणि शनिवारी इथे येतात, गणित आणि इंग्रजी पक्कं करतात. त्यांतली काही रेजिसमध्ये जातात, काही इतर कॅथलिक हायस्कुलांत शिष्यवृत्तीवर.