मुंबईच्या पूर्वेला: नद्यांच्या खोऱ्यांतील सायकलवाटा

मुंबईतून पूर्वेकडे निघालेला रस्ता सपाट असेल की चढउताराचा, हे नकाशावरच्या नद्या पाहिल्या की बरेचसे कळते. रोड सायकल चालवणाऱ्याने किलोमीटर मोजण्याआधी नद्या पाहाव्यात, असे आम्हांला मनापासून वाटते; कारण ठाणे, पालघर आणि रायगड जिल्ह्यांतील रस्त्यांना आकार दिला आहे तो नद्यांनीच.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून तयार झालेला सह्याद्रीचा काळा कडा मुंबईच्या पूर्वेला भिंतीसारखा उभा आहे. या कड्यावरून आणि त्याच्या माथ्यावरून निघालेल्या वैतरणा, तानसा, भातसा, काळू आणि उल्हास या नद्या थोड्याच अंतरात समुद्रसपाटी गाठतात. दोन नद्यांच्या मध्ये डोंगराची एखादी सोंड किंवा बुटक्या टेकड्यांची रांग उरलेली असते. त्यामुळे जो रस्ता नदीच्या सोबतीने जातो, तो कड्याच्या पायथ्यापर्यंत जवळजवळ सपाट राहतो आणि मग एकदम घाट चढू लागतो. जो रस्ता नद्यांना आडवा जातो, तो मात्र दर काही किलोमीटरवर चढतो, उतरतो आणि पुन्हा चढतो.

पहिल्या प्रकारचे उत्तम उदाहरण म्हणजे कल्याणहून मुरबाड आणि टोकावडेमार्गे माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता. रायते पुलावर उल्हास नदी ओलांडल्यावर हा रस्ता काळू नदीच्या खोऱ्यात शिरतो, आणि समोरचा कडा तासन् तास जवळ येत राहतो. सपाटीची ही सोय पावसाळ्यात उलटते. 27 जुलै 2019 रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्ये पाण्यात अडकली होती, आणि बोटींच्या साहाय्याने प्रवाशांना बाहेर काढावे लागले होते. रायते पूलही मोठ्या पुरात पाण्याखाली जातो, हे मुरबाडकडे निघणाऱ्या सायकलस्वाराने जुलै-ऑगस्टमध्ये विसरू नये.

घाटाचीच ओढ असलेल्यांसाठी खोपोलीहून खंडाळ्याकडे जाणारा जुना मुंबई-पुणे रस्ता आहे. द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी असल्याने बोरघाटाचा हा जुना चढच सायकलस्वाराचा हक्काचा रस्ता आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराची आख्यायिका जपणाऱ्या शिंगरोबाच्या देवळाशी आजही वाहने क्षणभर थांबतात. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत या चढावर सर्वांत पुढे राहणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळत असे, आणि हा घाट एकदा चढून पाहिला की त्या किताबाची किंमत पायांना कळते.

आता दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे नद्यांना आडवा जाणारा रस्ता पाहू; आमच्या मते मुंबईच्या सायकलस्वाराला लाभलेला सर्वांत सुंदर रस्ता हाच. मुरबाडहून म्हसा आणि कशेळेमार्गे कर्जतला जाणाऱ्या या रस्त्यावर एकही मोठा घाट नाही, तरीही तो पायांना विश्रांती देत नाही. डावीकडे सिद्धगड, गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके दिसतात, पुढे कशेळ्याच्या बाजूला कोथळीगड डोके वर काढतो. सह्याद्रीतून आलेला प्रत्येक ओहोळ हा रस्ता आडवा ओलांडतो. दोन उंचवट्यांच्या मधल्या खोलगट भागात त्या ओहोळावर मोरी असते, आणि मोरीच्या तोंडाशी डांबर हमखास खचलेले असते. उतारावरून मिळालेला वेग पुढच्या चढावर वापरावा, असे कोणालाही वाटते. पण नेमक्या त्याच जागी ब्रेक दाबावा लागतो. म्हणून इथे सरावलेला सायकलस्वार मोरी येण्याआधीच, पाय मोकळे फिरत असताना, गिअर हलका करून ठेवतो. चढावर पेडलवर पूर्ण जोर पडलेला असताना गिअर बदलला, तर चेन करकरते आणि कधी कधी उतरते.

म्हसा हे गाव पौष पौर्णिमेच्या यात्रेसाठी आणि त्या वेळी भरणाऱ्या जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. यात्रेच्या दिवसांत इथून सायकल नेण्याचा हट्ट धरू नये. ज्याला यात्रा पाहायची असेल, त्याने सायकल लावून निवांत पाहावी.

कर्जतच्या अलीकडे पेज नदी लागते. एप्रिल महिन्यात आजूबाजूचे ओहोळ कोरडे पडलेले असतात, पण पेजच्या पुलाखाली पाणी खळाळत असते आणि त्या पाण्यावर या भागात उन्हाळी भातही पिकतो. हे पाणी मुळात आंध्रा नदीचे आहे. ही नदी इंद्रायणीला, इंद्रायणी भीमेला आणि भीमा कृष्णेला मिळते, म्हणजे हे पाणी बंगालच्या उपसागराकडे जायचे. घाटमाथ्यावर धरण बांधून ते बोगद्यातून आणि नळांतून खाली आणले जाते आणि 1922 मध्ये सुरू झालेल्या भिवपुरीच्या जलविद्युत केंद्रात वीज निर्माण करून पेजेत सोडले जाते. मुंबईला वीज देऊन कोकणात उतरलेले हे पाणी पाहण्यासाठी पुलावर दोन मिनिटे थांबायलाच हवे.

उत्तरेकडे वज्रेश्वरीहून वाड्याला जाणारा रस्ताही याच जातीचा आहे. तो आधी तानसा आणि मग वैतरणा ओलांडतो. 1892 मध्ये पूर्ण झालेल्या तानसा धरणापासून ते आजतागायत मुंबईची तहान मुख्यतः याच खोऱ्यांनी आणि भातसेने भागवली आहे. वाडा कोलम तांदळाची शेते पाहायची असतील, तर ऑक्टोबरमध्ये, कापणीच्या आधी जावे.

पहिल्यांदाच निघणाऱ्याने बदलापूरहून बारवी धरणाच्या रस्त्याने मुरबाड, तिथून कर्जत आणि नेरळ-वांगणीमार्गे परत बदलापूर अशी फेरी घ्यावी. हे अंतर शंभर किलोमीटरच्या थोडे पुढे जाते. दिशा हीच ठेवावी, कारण चढउतार सकाळच्या ताज्या पायांनी पार होतात आणि कर्जतनंतर उल्हास नदी ज्या दिशेला वाहते, त्याच दिशेला आपला रस्ताही जातो. दुपारी समुद्राकडून येणारा वारा मुरबाडहून थेट कल्याणला परतणाऱ्याच्या तोंडावर येतो. शिवाय कर्जत ते बदलापूर रेल्वे जवळपास सोबत असते, त्यामुळे ऊन असह्य झाले किंवा टायर फाटला, तर भिवपुरी रोड, नेरळ, शेलू किंवा वांगणी यांपैकी एखादे स्थानक फार दूर नसते. कर्जतच्या परिसरात फार्महाउस वाढल्यापासून रविवारी उशिरा या अरुंद रस्त्यावर मोटारींची रांग लागते, आणि कडेला सायकलपुरतीही वेगळी जागा नाही. तेव्हा बदलापूर उजाडण्यापूर्वी सोडावे आणि ही गर्दी सुरू होण्याआधी कशेळे मागे टाकावे.