आधी माप, मग रंग: क्वार्टर शीटपासून 12 बाय 18 च्या प्रिंटपर्यंत

[क्वार्टर शीट कॅमेऱ्यासमोर धरून]

राम राम मंडळी! हा क्वार्टर शीट, 11 बाय 15 इंच. ड्रॉइंगच्या परीक्षेपासून ओळखीचा. यावर कडेपर्यंत सातपुडा रंगवला आणि फोटो लॅबमध्ये 12 बाय 18 ची प्रिंट मागितली, की लॅबवाला विचारणारच, "कापू का पांढरी पट्टी सोडू?" त्याचा काही दोष नाही. 12 बाय 18 चं प्रमाण दोनास तीन, तुमच्या कागदाचं नाही. 18 इंच भरायला गेलं तर रुंदी होते 13.2, म्हणजे दोन्ही बाजूंनी 0.6 इंच जाणार. आणि सही नेमकी तिथेच असते.

म्हणून ब्रश भिजवायच्या आधी शेवटची प्रिंट किती मापाची, ते ठरवा. 12 बाय 18 हवी? मग याच कागदावर पेन्सिलने 9 बाय 13.5 ची चौकट आखा. बाजूंना एकेक इंच, वर-खाली पाऊण-पाऊण इंच उरतो, तिथे मास्किंग टेप. ए3 छापायचं असेल तर चौकट 9 बाय 12.7. ए4, ए3, ए2 यांचं प्रमाण एकच, त्यामुळे मोठं करताना काही कापलं जात नाही.

आता स्कॅन. जलरंग, पेन्सिल, पेन अशी सपाट कामं स्कॅनरवर, 600 डीपीआयला, म्हणजे इंचाला 600 ठिपके. 300 पुरतं, पण मूळ मापातच छापायचं असेल तर. झेरॉक्सच्या दुकानातलं मशीन बहुतेक ए3 असतं, पूर्ण क्वार्टर शीट बसतो. फक्त ते टेक्स्ट मोडवर असतं, आणि त्या मोडमध्ये आकाशाचा फिकट पिवळा वॉश, म्हणजे रंगाचा पातळ थर, कागदाचा मळ समजून पुसला जातो. सांगायचं, "भाऊ, कलर, फोटो मोड, 600, टिफ." टिफ म्हणजे बारकावे न गमावणारी फाइल. ती नसेल तर सर्वांत वरच्या क्वालिटीचा जेपीईजी. पीडीएफ नको, त्यात बरेचदा फाइल लहान करायला चित्राचे बारकावे घालवलेले असतात.

घरच्या ए4 स्कॅनरवर चित्राचे दोन तुकडे स्कॅन करून नंतर कॉम्प्युटरवर जोडावे लागतात.

[स्कॅनरची कड जवळून]

ही काचेभोवतीची उंच कड बघा. बाहेर आलेला कागद हिच्यावर चढतो, काचेपासून उचलला जातो आणि तेवढी पट्टी धूसर येते. पातळ स्कॅनरमध्ये हे फार होतं, कारण त्याला काचेला टेकलेलंच नीट दिसतं. त्यामुळे चित्राचा महत्त्वाचा भाग कडेपाशी ठेवू नका, वर जाड पुस्तक ठेवून दाबा, आणि दोन तुकड्यांत निदान दोन इंच भाग सामाईक घ्या. दुसऱ्या तुकड्यासाठी कागद सरकवायचा, उलटा फिरवायचा नाही. दिव्याचा उजेड एका बाजूने येतो. कागद फिरवला तर त्याच्या खरखरीत दाण्याच्या सावल्या उलट्या पडतात आणि सांधा उघडा पडतो.

अ‍ॅक्रिलिक आणि तैलरंग मात्र काचेवर पालथे घालूच नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 ला जातो, अ‍ॅक्रिलिकचा थर मऊ पडतो आणि काचेला चिकटतो. त्यांचा फोटो काढा.

फोटोला उत्तरेकडचा ओटा उत्तम, पण मे अखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत नाही. त्या दिवसांत जळगाव-धुळ्याला भर दुपारीही सूर्य किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे तिथे ऊन उतरतं. तेव्हा दुसरी सावली शोधा. घरातली ट्यूबलाइट बंद, नाहीतर अर्धं चित्र हिरवट येतं. मोबाईल स्टँडवर, 1एक्स लेन्स, दोन सेकंदांचा टायमर. 0.5 ची लेन्स चौकटीच्या रेषा वाकवते. कॅमेरा सरळ आहे का, हे बघायला चित्राच्या मधोमध छोटा आरसा सपाट धरा: स्क्रीनवर आरशात तुमचीच लेन्स मधोमध दिसली की झालं. 12 मेगापिक्सेलचा फोटो दोनास तीनमध्ये कापून 12 बाय 18 ला साधारण 220 डीपीआय देतो. भिंतीवर लावायला चालतं. फ्लुरोसंट गुलाबी मात्र स्कॅनमध्येही मरतो आणि फोटोतही. प्रिंट काढायची असेल तर तो वापरूच नका.

फाइल दुकानातून व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून (एचडी न निवडता) आली, तर लांब बाजू साधारण 1600 पिक्सेलवर येते. ती 300 डीपीआयला जेमतेम सव्वापाच इंच. डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर पेनड्राइव्ह न्या. आणि 9 बाय 13.5 चं 600 ला स्कॅन केलंय म्हटल्यावर कापलेल्या फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये 5400 बाय 8100 च्या आसपास आकडा दिसतोय का, हे पैसे द्यायच्या आधी दुकानातच बघून घ्या.