पायातून निसटलेली चप्पल

अध्यक्ष महोदय, व्याख्यानमालेचे कार्यकर्ते आणि श्रोतेहो,

‘मज्जातंतूंचे विकार : प्रतिबंध आणि वेळीच उपचार’ हा विषय मला देण्यात आला आहे आणि त्याकडे मी येणारच आहे, पण त्याआधी एका शब्दाबद्दल बोलणे मला भाग आहे. आपण रक्त वाहून नेणाऱ्या नळीलाही शीर म्हणतो आणि संवेदना वाहून नेणाऱ्या तंतूलाही शीरच म्हणतो. मान धरली की शीर आखडली, कंबर धरली की शीर दबली, पायाला मुंग्या आल्या की शिरेत रक्त पोहोचत नाही. शब्द एकच असल्यामुळे उपायही एकच सुचतो, तो म्हणजे कोमट तेल लावून चोळणे. या सोलापूर शहरात रुग्ण तपासताना मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे, की बधिर तळपायाला लोक महिनोन्महिने तेल चोळतात, वरून गरम विटेचा शेक देतात आणि त्या शेकाने उठलेला फोड घेऊनच पहिल्यांदा दवाखान्याची पायरी चढतात.

मज्जातंतू म्हणजे पोकळ नळी नव्हे. कमरेपाशी पाठीच्या कण्यालगत असलेल्या एका पेशीपासून निघालेला तंतू थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जातो. उंच माणसात त्याची लांबी एक मीटरच्या आसपास भरते. त्या तंतूला लागणारे पोषण बरेचसे त्या मूळ पेशीकडून, एवढे अंतर कापत यावे लागते. उजनीचा कालवा ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढचे समजावून सांगण्याची गरज नाही. पाणी कमी पडले, की आधी टेलची, म्हणजे कालव्याच्या शेवटची गावे कोरडी राहतात. धरणाजवळच्यांना त्याचा पत्ताही नसतो. मधुमेहात नेमके हेच घडते. आधी पायाची बोटे बधिर होतात, मग ती बधिरता पायमोजा घातल्यासारखी वर चढत जाते आणि ती गुडघ्याच्या आसपास पोहोचेपर्यंत हातांच्या बोटांनाही मुंग्या येऊ लागतात.

हे सगळे मी पुस्तकात वाचले होते. तरीही माझ्याच घरात ते मला दिसले नाही, आणि तीच हकिगत आज सांगायची आहे.

माझे वडील यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखरेख करणारे कामगार होते. मधुमेहाचे निदान होऊन त्यांना सात वर्षे झाली होती. गोळ्या ते वेळेवर घेत आणि साखर कधी बरी, कधी वाढलेली असे. त्या काळात आमच्या घरात एक गोष्ट वारंवार घडत असे : वडील कामावरून जिना चढून वर येत, तेव्हा त्यांच्या एकाच पायात चप्पल असे. दुसरी जिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर पडलेली असे आणि आई खाली जाऊन ती उचलून आणी. पट्टा सैल झाला असेल म्हणून तिने चप्पल दोनदा चांभाराकडून शिवून आणली, तिसऱ्यांदा नवी घेतली. नवी चप्पलही निसटली. चप्पल पायातून गेली आणि ती गेल्याचे पायाला कळले नाही, या वाक्याचा अर्थ घरात फक्त मला ठाऊक असायला हवा होता, कारण मी तेव्हा वैद्यकीय शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला होतो.

त्या जानेवारीत गड्ड्याची, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराची यात्रा आली. वडील दरवर्षीप्रमाणे पांढरी बाराबंदी घालून तैलाभिषेकाच्या दिवशी नंदीध्वजांबरोबर अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला अनवाणी गेले. रात्री उशिरा परत आले, मोरीत पाय धुतले आणि खाटेवर बसले. सकाळी आईने पाहिले, तर मोरीपासून खाटेपर्यंत फरशीवर तपकिरी ठशांची रांग वाळली होती. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी, तळव्यात, काचेचा तुकडा रुतलेला होता. आई घाबरली, तेव्हा वडील तिची समजूत घालत म्हणाले, “अगं, काही नाही, दुखतसुद्धा नाही.” हळद भरून त्यांनी पट्टी बांधली आणि अक्षता सोहळ्याला गेले. दुखत नव्हते म्हणून ते रोज पाळीवर उभे राहिले. तीन आठवड्यांनी वास येऊ लागला, तेव्हा कुठे पट्टी नीट सोडली गेली. अंगठा आणि शेजारचे बोट काढावे लागले.

मला आजही सर्वांत जास्त लागते ते पुढचे. त्या सात वर्षांत वडील नियमितपणे एका दवाखान्यात जात होते. पायाची आग होते, हेही त्यांनी तिथे सांगितले होते. त्यांना ताकदीची इंजेक्शने मिळाली. परंतु पायमोजा काढा, तळवा दाखवा, असे त्यांना एकदाही कोणी म्हटले नाही. मी हे रागाने नव्हे, दुःखाने सांगतो, कारण मीही त्यांना तसे म्हटले नव्हते. आपल्याकडे दुखणे अंगावर काढण्याची सवय आहेच. पण जे दुखतच नाही ते अंगावर काढले जात आहे, हे तरी कोणाला कळणार? इंग्रज शल्यविशारद पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरला आले आणि कुष्ठरुग्णांची बोटे झडतात ती मुख्यतः वेदना हरपल्यामुळे, नकळत होणाऱ्या जखमांमुळे, हे त्यांनी दाखवून दिले. मधुमेहाच्या पायाला तेच लागू पडते.

कार्यकर्त्यांची चिठ्ठी आली आहे आणि दहाच मिनिटे उरली आहेत. त्यामुळे ज्यासाठी आपण मला बोलावले ते आता भराभर सांगतो.

भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत मांडला गेला. सामान्यपणे आढळणाऱ्या, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदान झाले त्याच दिवशी आणि नंतर दर वर्षी पायाची तपासणी व्हायला हवी. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू आणि सेकंदाला १२८ कंपनांचा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) एवढ्यावर ती पाच मिनिटांत होते. मेलेला तंतू पुन्हा जिवंत करणारे औषध नाही. आगीवरच्या गोळ्या आग शमवतात, बधिरता घालवत नाहीत. म्हणून सुरुवातीलाच साखर आटोक्यात आणण्याला पर्याय नाही.

मात्र प्रत्येक बधिरता मधुमेहाचीच असते असे समजू नका. शाकाहारी मंडळींत आणि वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्व कमी पडते. रक्त तपासून ते वेळेत भरून काढले, तर हा विकार पुष्कळदा मागे फिरतो. दारू हेही एक कारण आहे. त्वचेवरचा फिकट किंवा लालसर बधिर चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, त्यामुळे तो लपवू नका.

विडी वळणाऱ्या भगिनींसाठी दोन गोष्टी सांगतो. रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येत असेल, हात झटकल्यावर बरे वाटत असेल आणि करंगळी सोडून बाकीची बोटे बधिर होत असतील, तर मनगटातला मज्जातंतू दाबला जात आहे. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी सुरुवातीलाच वापरली, तर पुष्कळदा शस्त्रक्रियेची वेळ येत नाही; अंगठ्याखालचा मांसल उंचवटा खोलगट होईपर्यंत मात्र थांबू नका. मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास मांडी घालून बसल्यास गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा तंतू दाबला जातो आणि पाऊल उचलेनासे होते. म्हणून अर्ध्या तासाने उठून चार पावले चाला.

कंबरदुखीत लघवी अडली किंवा बसण्याची जागा बधिर झाली, तर त्याच रात्री रुग्णालय गाठा, सकाळची वाट पाहू नका.

राहिले पाय. रोज रात्री तळवा आणि बोटांच्या बेचक्या पाहा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा किंवा घरातल्या कोणालातरी पाहायला सांगा. पाण्याची ऊब पायाने नव्हे, कोपराने पाहा. कुरूप ब्लेडने कापू नका. चप्पल संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना घ्या आणि टाचेमागे पट्टा असलेली घ्या. एप्रिलच्या उन्हात देवळाच्या फरशीवर आणि वारीच्या वाटेवर बधिर पायाने अनवाणी जाऊ नका. देवळात जाडसर पायमोजे घालून जाता येते.

बाहेर व्हरांड्यात टेबलावर नादकाटा आणि नायलॉनचा तंतू ठेवला आहे, माझे दोन सहकारी तिथे बसले आहेत. रांगेत उभे राहताना पायमोजे आधीच काढून ठेवा, आणि आपल्या घरात कोणाची चप्पल निसटत असेल, तर उद्या त्यांनाही घेऊन या.