घट्ट पाय म्हणजे ताकदीचे पाय नव्हेत

सेरेब्रल पाल्सी (लहानपणीच मेंदूला इजा झाल्यानं हालचालींवर परिणाम होणारी अवस्था) असलेल्या मुलाची पोटरी दाबून पाहिलीत तर बऱ्याचदा ती दगडासारखी लागते. म्हणून पालक हमखास विचारतात, "एवढी कडक आहे, आणखी व्यायाम कशाला?" प्रश्न वेडगळ नाही. आमच्या क्षेत्रातली जाणती माणसंही कित्येक वर्षं असंच मानायची. लंडनच्या बर्टा आणि कारेल बोबाथ या दांपत्याच्या उपचारपद्धतीचा तेव्हा मोठा दबदबा होता. जोर लावला की ताठरपणा वाढेल, या भीतीनं फिजिओथेरपिस्ट मुलांना वजनं द्यायचेच नाहीत.

१९९५ साली अमेरिकेत डायान डॅमियानो आणि सहकाऱ्यांनी गुडघ्यात वाकून चालणाऱ्या मुलांच्या पायांना वजनं बांधून मांडीच्या पुढच्या स्नायूंना व्यायाम दिला. स्नायू बळावले, पाऊल टेकताना गुडघा आधीपेक्षा सरळ राहू लागला. पुढे २००१ मध्ये आणखी एक साधी तपासणी झाली. व्यायामाच्या आधी आणि नंतर मुलाचा पाय उचलून सोडून द्यायचा आणि तो घड्याळाच्या लंबकासारखा किती झुलतो ते मोजायचं. ताठरपणा वाढला असता तर झोका आखडला असता. तसं झालं नाही.

आता इएमजी, म्हणजे स्नायूतली वीज टिपणारी तपासणी. त्वचेवर दोन इलेक्ट्रोड, मधलं अंतर साधारण दोन सेंटिमीटर. स्नायूला मेंदूकडून हुकूम आला की जी वीज उमटते, ती इथे टिपली जाते. सुई टोचावी लागत नाही, त्यामुळे मुलं रडत नाहीत. (जेलचा गार स्पर्श मात्र एकालाही आवडत नाही!) पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या, इएमजी ताकद मोजत नाही. पडद्यावरची रेघ उंच गेली म्हणून टाळ्या वाजवू नका. मोठ्या माणसाला आपण "पूर्ण जोर लाव" म्हणतो आणि त्या आकड्याशी बाकीचे आकडे ताडून बघतो. या मुलांना मुळात पूर्ण जोर लावणंच जमत नाही, मग ताडायचं कशाशी? घाम आला, इलेक्ट्रोड जरा सरकला, तरी आकडा बदलतो. म्हणून आजच्या आणि तीन महिन्यांनंतरच्या रेघेची उंची नुसती शेजारी ठेवून निष्कर्ष काढणाऱ्या अहवालावर माझा फारसा विश्वास नाही.

इएमजीत मी बघते ती वेळ, म्हणजे कोणता स्नायू कधी ओढतो ते. गुडघा सरळ करताना पुढचा स्नायू ओढतो, तेव्हा मागच्यानं ढिलं सोडायला हवं. या मुलांमध्ये बरेचदा दोघंही एकदम ओढतात, रस्सीखेच चालते, आणि मूल थकतं ते या भांडणात.

व्यायामानं ताकद वाढते; चालणं तेवढंच सुधारेल असं मी कुणालाही सांगत नाही. एक दिवसाआड, मूल जेमतेम आठ-दहा वेळा करू शकेल इतकं अवघड काम द्यायचं. घरात पाट असेल तर तो भिंतीशी ठेवा, मुलाला त्यावरून हात न टेकता उठू द्या. जमलं की पाठीवर दप्तर चढवा, आणि दर आठवड्याला त्यात एक वही वाढवा.