बंद दुकानात कोण विचारणार?
(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

पत्रिकेवर 'श्रमबाजारातला कार्यकारणभाव' असा भारदस्त विषय छापलाय. तिकडे वळेनच. पण २०२१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलचं (डेव्हिड कार्ड, जोशुआ अँग्रिस्ट, ग्विडो इम्बेन्स) नाव निघालं की सगळे पद्धतीबद्दल बोलतात, पायपिटीबद्दल कुणी बोलत नाही. माझं जुनं दुखणं आहे ते, आधी ते ऐका.

१ एप्रिल १९९२. न्यू जर्सीत किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ झालं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात होतं तेवढंच राहिलं. मजूर महागला की मालक माणसं कमी करणार, हे आपण पहिल्याच वर्षी घोकतो. हे खरं का बघायला डेव्हिड कार्ड आणि त्यांचे सहकारी अर्थतज्ज्ञ अ‍ॅलन क्रूगर यांनी वेतनवाढीच्या आधी दोन्हीकडची मिळून ४१० फास्ट फूड दुकानं फोनवर गाठली आणि वर्षअखेरीला तीच पुन्हा. या वेळी ३९ दुकानांचा फोनवर पत्ता लागेना. त्यांनी सरळ माणूस पाठवला! सहा दुकानं कायमची बंद झालेली. एकात आग लागलेली, एकापुढे रस्ता खणलेला, दोन ठिकाणी डागडुजी चाललेली. ही नोंद मला फार प्रिय आहे. ही दुकानं वगळली असती, तर चालू असलेल्यांनाच 'चालू आहात ना?' विचारल्यासारखं झालं असतं. अशी सर्वेक्षणं तुम्हीही भरून दिली असतील. (हशा)

निकाल असा: दुकानामागे पूर्णवेळ कामगार (दोन अर्धवेळ म्हणजे एक पूर्णवेळ, या हिशेबाने) न्यू जर्सीत २०.४ चे २१ झाले, पेनसिल्व्हेनियात २३.३ चे २१.२. नुसतं न्यू जर्सी बघून काहीच कळलं नसतं. शेजारी घसरण होत असताना इथे ती झाली नाही, गंमत त्यात आहे. यावर गदारोळ झाला. आधीचे एक नोबेल मानकरी, जेम्स बुकॅनन, यांनी १९९६ मध्ये वर्तमानपत्रात, किमान वेतन वाढवून रोजगार वाढतो हे नाकारताना, पाणी चढावर वाहत नसल्याचा दाखला दिला. अहो, पण चढ आहे की उतार, ते आधी जाऊन बघाल की नाही? न्यूमार्क आणि वॅशर या अर्थतज्ज्ञांनी निदान पगाराच्या नोंदी तपासून आक्षेप घेतला, तो वाद मला मान्य आहे. क्रूगर २०१९ मध्ये गेले. हे पारितोषिक मरणोत्तर देत नाहीत, नाहीतर...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मूळ विषय.

जोशुआ अँग्रिस्ट आणि क्रूगर, १९९१. त्यांनी अभ्यासलेल्या पिढ्यांच्या वेळी अमेरिकेत साधारण सोळा-सतरा वर्षांचं होईपर्यंत शाळा सक्तीची होती. वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं शाळेत जरा मोठी होऊन जायची, म्हणून ते वय गाठेपर्यंत कमी शिकून बाहेर पडू शकायची. जन्मतारीख कुणी हुशारी बघून वाटत नाही, तेव्हा पुढे मिळकतीत जो फरक दिसतो तो शिक्षणाचा म्हणता येतो. वर्षामागे साधारण नऊ टक्के. पण हे नऊ टक्के कुणाचे? ग्विडो इम्बेन्स आणि अँग्रिस्ट यांचं १९९४ चं उत्तर: नियमामुळे ज्यांचा निर्णय बदलला, फक्त त्यांचे. सक्ती नसतानाही जो शिकलाच असता, त्याच्याबद्दल हा आकडा काही सांगत नाही. अँग्रिस्ट आणि इम्बेन्स यांना पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला (उरलेला अर्धा कार्ड यांना), त्यात या मर्यादेचा मोठा वाटा आहे, आणि बातम्यांत नेमकी तीच गळते.

मायामीत १९८० मध्ये सव्वा लाख क्युबन उतरले, तरी तिथल्या मजुरीला धक्का लागला नाही, असं सांगणारं कार्डचं काम राहिलंच. प्रश्नोत्तरांत कुणीतरी विचारा, म्हणजे अध्यक्षांना मला थांबवता येणार नाही.